बाल्सॅमिक व्हिनेगर: बाटली कशी ओळखावी, कोणी किती खावे

"व्हिनेगरने शुगर कमी होते म्हणतात. मग मी रोज सकाळी बाल्सॅमिक घेऊ का?" मधुमेहाच्या रुग्णांकडून हल्ली हा प्रश्न बरेचदा येतो. कोणती बाटली आणली आहे असे विचारले, तर उत्तर असते, "ती काळी, घट्ट, गोडसर." नेमकी इथेच गफलत होते. साध्या व्हिनेगरमध्ये साखर जवळजवळ नसते. बाल्सॅमिक मात्र द्राक्षांच्या रसापासून बनते आणि त्यात साखर असतेच. काही बाटल्यांत ती थोडी असते, तर काहींत पाकाइतकी.

बाल्सॅमिक वाईट आहे असा याचा अर्थ नाही. योग्य बाटली आणि योग्य प्रमाण असेल तर मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या बहुतेकांना ते खाता येते. त्यासाठी बाटलीत काय आहे हे ओळखता आले पाहिजे.

थोडक्यात

- बाल्सॅमिक हे चव देणारे तोंडीलावणे आहे, औषध नाही. रोज १ ते २ छोटे चमचे पुरेसे आहेत.
- बाटलीच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची घटकांची यादी आणि साखरेचा आकडा महत्त्वाचा.
- जितके घट्ट आणि गोड, तितकी साखर जास्त. ‘ग्लेझ’ किंवा ‘क्रीम’ लिहिलेली बाटली मधुमेहींनी शक्यतो टाळावी.
- आम्लपित्त, अल्सर, दम्याचा त्रास किंवा दारू सोडवण्याचे औषध सुरू असेल, तर पुढील माहिती आवर्जून वाचा.

बाल्सॅमिक व्हिनेगर म्हणजे काय?

बाल्सॅमिकचे मूळ उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रांतात, मोदेना आणि रेज्जो एमिलिया या दोन शेजारच्या जिल्ह्यांत आहे. द्राक्षांचा ताजा रस उघड्या भांड्यात तासन् तास आटवून ते करतात. आपल्याकडे गुऱ्हाळात काहिलीत उसाचा रस आटवून काकवी करतात, तशीच ही सुरुवात. फरक पुढे पडतो. आटवलेला द्राक्षरस आंबवला जातो. आधी यीस्टमुळे साखरेच्या काही भागाचे अल्कोहोल होते आणि नंतर जिवाणू त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. व्हिनेगरचा आंबटपणा या आम्लाचा असतो. न आंबलेली साखर तशीच राहते, म्हणून बाल्सॅमिक आंबटगोड लागते. चिंचगुळाच्या आमटीची सवय असलेल्या जिभेला ही चव फार परकी वाटत नाही.

‘बाल्सॅमिक’ हा शब्द ‘बाल्सम’ म्हणजे झाडाची सुगंधी, औषधी राळ यावरून आला. डोके दुखल्यावर आपण लावतो त्या ‘बाम’चे मूळही तेच. पूर्वी हे व्हिनेगर गुणकारी मानले जाई, म्हणून हे नाव पडले. बाटलीत मात्र कोणतीही राळ किंवा औषध नसते.

एकाच नावाखाली चार वेगळे पदार्थ

दुकानात ‘बाल्सॅमिक’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

*१. पारंपरिक बाल्सॅमिक.* लेबलवर ‘त्रादित्सियोनाले’ हा इटालियन शब्द आणि युरोपीय संघाचे लाल-पिवळे डीओपी चिन्ह असते. यात फक्त शिजवलेला द्राक्षरस असतो. वेगळे व्हिनेगर, रंग किंवा घट्ट करणारा पदार्थ घालत नाहीत. ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा लाकडांच्या, क्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंपांत ते मुरते. ही पिंपे बहुधा घराच्या माळ्यावर ठेवतात. उन्हाळ्यातील उष्णतेने रस आटत जातो आणि हिवाळ्यात निवळतो. किमान १२ वर्षे मुरल्याशिवाय ते विकता येत नाही. ‘एक्स्ट्रावेक्कियो’ लिहिलेले किमान २५ वर्षांचे असते. ते सहसा १०० मिलिलिटरच्या ठरावीक आकाराच्या बाटलीत येते आणि खूप महाग असते. ते थेंबांनी वापरायचे असते.

*२. मोदेनाचे बाल्सॅमिक.* लेबलवर ‘अचेतो बाल्सामिको दि मोदेना’ हे नाव आणि निळे-पिवळे आयजीपी चिन्ह असते. हे संरक्षण २००९ मध्ये मिळाले. यात आटवलेला किंवा शिजवलेला द्राक्षरस आणि वाइनपासूनचे व्हिनेगर यांचे मिश्रण असते. नियमानुसार द्राक्षरस किमान २० टक्के आणि वाइन व्हिनेगर किमान १० टक्के हवे. रंग सारखा राहावा म्हणून २ टक्क्यांपर्यंत कॅरॅमल घालता येते. लाकडी पिंपात किमान ६० दिवस ठेवावे लागते. ३ वर्षांहून अधिक मुरलेल्यावर ‘इन्वेक्कियातो’, म्हणजे जुने, असे लिहिता येते. घरगुती वापरासाठी हाच प्रकार सोयीचा आहे.

*३. नुसते ‘बाल्सॅमिक’ किंवा ‘व्हाइट बाल्सॅमिक’.* ‘बाल्सामिको’ हा एकटा शब्द संरक्षित नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये तसा निकाल दिला. त्यामुळे मोदेनाचा उल्लेख नसलेली बाटली कोणत्याही देशातील असू शकते. त्यातील काही चांगली असतात, तर काही म्हणजे साधे व्हिनेगर, साखर आणि रंग. व्हाइट बाल्सॅमिक याच गटात येते. द्राक्षरस गडद होऊ न देता ते करतात. रंग फिका असला तरी साखर कमी असेलच असे नाही.

*४. बाल्सॅमिक ग्लेझ किंवा क्रीम.* दाबून नक्षी काढता येईल अशा बाटलीत मिळणारा हा घट्ट सॉस असतो. त्यात बाल्सॅमिकबरोबर ग्लुकोज सिरप, साखर, स्टार्च किंवा झँथन गम असतो. घट्टपणा पिंपातून आलेला नसतो, या पदार्थांमुळे आलेला असतो.

साखर नेमकी किती?

साध्या बाल्सॅमिकच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण २.५ ग्रॅम साखर आणि १४ किलोकॅलरी असतात. छोट्या चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, १ ग्रॅमपेक्षा कमी साखर येते. कोशिंबिरीवर एक छोटा चमचा घातला, तर ही साखर नगण्य आहे.

मोदेनाच्या संरक्षित बाल्सॅमिकमध्ये लिटरला किमान ११० ग्रॅम साखर असणे नियमानेच आवश्यक आहे. म्हणून ‘शुगर फ्री मोदेना बाल्सॅमिक’ असा दावा दिसला, तर ती बाटली परत ठेवा. ‘साखर घातलेली नाही’ हे वाक्य मात्र खरे असू शकते. त्याचा अर्थ वरून साखर टाकलेली नाही एवढाच. द्राक्षांची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही साखर त्यात असतेच आणि रक्तातील साखर तिनेही वाढते.

पारंपरिक बाल्सॅमिकमध्ये वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असू शकते, पण ते थेंबांनीच वापरले जाते. खरी अडचण ग्लेझची. समजा, ग्लेझच्या लेबलवर १०० ग्रॅमला ४५ ग्रॅम साखर लिहिली आहे. सॅलडवर सढळ हाताने २० ग्रॅम ग्लेझ ओतले, तर ९ ग्रॅम साखर पोटात गेली. म्हणजे चहाचे दोन चमचे साखर सॅलडवरच पेरल्यासारखे झाले.

‘चांगले’ म्हणजे कोणासाठी चांगले?

स्वयंपाकाच्या पुस्तकांत उत्तम बाल्सॅमिकची खूण अशी देतात: यादीत द्राक्षरस पहिला हवा, द्रव घट्ट हवा आणि चव गोडसर हवी. चवीच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण द्राक्षरस जितका जास्त, तितकी साखरही जास्त. खवय्याची उत्तम बाटली मधुमेहीसाठी उत्तम असेलच असे नाही.

घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. त्यावरून असा अंदाज बांधता येतो:

- *यादीत वाइन व्हिनेगर पहिले:* पातळ, आंबट आणि तुलनेने कमी साखरेचे. रोजच्या सॅलडसाठी आणि मधुमेहींसाठी हे बरे. किंमतही कमी असते.
- *यादीत द्राक्षरस पहिला:* दाट, गोडसर आणि जास्त साखरेचे. चवीला छान, पण मोजून घ्यावे. आम्लपित्ताच्या रुग्णांना ते जिभेला सौम्य लागते, तरी त्यातही आम्ल असतेच.
- *यादीत साखर, ग्लुकोज सिरप किंवा स्टार्च:* हा सॉस आहे. साखर मोजताना त्याची गणना टोमॅटो केचपसारख्या पदार्थांत करा.

बाटली निवडताना काय पाहावे?

१. *पूर्ण नाव आणि चिन्ह.* मोदेनाचे नाव आणि निळे-पिवळे चिन्ह असेल, तर किमान नियम पाळलेले आहेत. इटलीचा झेंडा, जुन्या शाईसारखी अक्षरे किंवा मेणाचे बूच ही केवळ सजावट असते.

२. *घटकांची यादी.* मोदेनाच्या बाटलीत द्राक्षरस आणि वाइन व्हिनेगर हे दोनच घटक असतील तर उत्तम. कॅरॅमल रंग असेल तर लगेच घाबरू नका, त्याला परवानगी आहे. पण तो नसलेली बाटली त्याच किमतीत मिळाली, तर ती घ्या.

३. *पोषण तक्ता.* ‘कर्बोदके’ आणि ‘त्यापैकी साखर’ हे आकडे पाहा. ते १०० मिलिलिटरचे आहेत की एका सर्व्हिंगचे, हे आधी तपासा. दोन बाटल्यांची तुलना नेहमी १०० मिलिलिटरच्या आकड्यांवर करा.

४. *आम्लता.* मोदेनाच्या बाल्सॅमिकची आम्लता किमान ६ टक्के असते.

५. *मोठे आकडे.* स्वस्त बाटलीवर ठळक ‘१२’ किंवा ‘२५’ छापलेले दिसले, तर ते वय समजू नका. आयजीपी बाल्सॅमिकच्या नावाला वर्षांचा आकडा किंवा ‘सुपीरियर’सारखे शब्द जोडायला नियमात मनाई आहे.

६. *भारतातील लेबल.* आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचे नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवा. ‘सिंथेटिक व्हिनेगर’ असे लिहिले असेल, तर ते ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते. ते बाल्सॅमिक नव्हे.

कोणत्या आजारात काय काळजी घ्यावी?

*मधुमेह.* भात, ब्रेड यांसारख्या पिष्टमय जेवणाबरोबर व्हिनेगर घेतल्यास जेवणानंतरची साखर थोडी कमी वाढते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. हा परिणाम ॲसेटिक आम्लाचा आहे आणि तो माफक असतो. त्याच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन कमी करू नका. शिवाय बाल्सॅमिकमध्ये आम्लाबरोबर साखरही येते. म्हणून साखर उतरवण्यासाठी बाल्सॅमिक पिणे म्हणजे एका हाताने काढून दुसऱ्या हाताने भरणे. अनेक वर्षांच्या मधुमेहात जठर उशिरा रिकामे होण्याचा त्रास असेल, तर व्हिनेगरने तो वाढू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर त्यामुळे अवेळी खाली जाऊ शकते. अशा रुग्णांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

*आम्लपित्त, छातीत जळजळ, अल्सर.* तक्रारी सुरू असताना कोणतेही व्हिनेगर टाळा. त्रास थांबल्यावर जेवणासोबत अर्धा चमचा घेऊन पाहा. रिकाम्या पोटी कधीही घेऊ नका.

*दात.* आम्लाने दातांचे एनॅमल झिजते आणि ते पुन्हा येत नाही. घट्ट बाल्सॅमिक दातांना जास्त वेळ चिकटून राहते. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश मात्र किमान अर्ध्या तासानंतर करा, कारण आम्लाने मऊ झालेले एनॅमल ब्रशने घासले जाते.

*उच्च रक्तदाब आणि हृदयविकार.* इथे बाल्सॅमिकचा खरा उपयोग आहे. एका मोठ्या चमच्यात सोडियम जेमतेम ४ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच सोया सॉसमध्ये ते सुमारे ९०० मिलिग्रॅम असते. सॅलड, उकडलेले हरभरे किंवा भाजलेल्या भाज्यांवर मिठाऐवजी बाल्सॅमिक घातले, तर चव टिकते आणि मीठ कमी होते.

*मूत्रपिंडाचा आजार.* चमचाभर बाल्सॅमिकमध्ये पोटॅशियम २० मिलिग्रॅमच्या आत असते. त्यामुळे बहुतेकांना एवढे प्रमाण चालते. तरीही आहारतज्ज्ञांनी दिलेल्या यादीत ते नोंदवून घ्या.

*दमा.* वाइन व्हिनेगरमध्ये सल्फाइट असू शकते. काही दमेकऱ्यांना त्याने खोकला, घरघर किंवा धाप लागते. लेबलवर ‘सल्फाइट’ शब्द शोधा. पूर्वी वाइन किंवा सुकामेव्याने त्रास झाला असेल, तर टाळा. व्हिनेगर उकळताना निघणारी वाफही श्वासनलिकेला झोंबते.

*दारू सोडवण्याचे औषध.* मोदेनाच्या बाल्सॅमिकमध्ये १.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकते. डायसल्फिराम घेणाऱ्यांनी ते खाऊ नये. चेहरा लाल होणे, धडधड, उलटी अशी प्रतिक्रिया येऊ शकते. घरच्यांनी सॅलड आणि सॉस करतानाही हे लक्षात ठेवावे.

*लघवीची औषधे आणि डिगॉक्सिन.* दीर्घकाळ रोज मोठ्या प्रमाणात व्हिनेगर प्यायल्याने रक्तातील पोटॅशियम खाली गेल्याचे आढळले आहे. ही औषधे घेणाऱ्यांमध्ये ते धोकादायक ठरू शकते. सॅलडवरच्या चमच्याने असे होत नाही, पेले भरून पिण्याने होऊ शकते.

*गरोदरपण आणि मुले.* जेवणातील थोड्या प्रमाणाला हरकत नाही. काही बाल्सॅमिकमध्ये शिशाचा अत्यल्प अंश आढळला आहे. त्यामुळे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दुकानांत त्याबाबत इशारा लावला जातो. थेंब-चमच्याच्या वापरात घाबरण्याचे कारण नाही. पण गरोदर महिला आणि लहान मुलांना ते रोज पेयासारखे देऊ नये.

वापर आणि साठवण

काकडी-टोमॅटो, मोड आलेली कडधान्ये, भाजलेले पनीर यांवर एक छोटा चमचा पुरे. ड्रेसिंगसाठी एक भाग बाल्सॅमिक आणि दोन ते तीन भाग तेल घ्या. मोदेना परिसरात स्ट्रॉबेरीवर दाट बाल्सॅमिकचे थेंब टाकून खातात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरही ते छान लागते आणि वरून साखर घालावी लागत नाही.

घरी बाल्सॅमिक उकळून घट्ट केले, तर पाणी उडते आणि साखर मागे राहते. चमच्यातील साखर त्यामुळे वाढते. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात व्हिनेगर ठेवू किंवा उकळू नका, कारण आम्लामुळे धातू अन्नात उतरतो. काच किंवा स्टील वापरा. बाटली बूच घट्ट लावून, गॅसपासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवा. फ्रिजची गरज नाही. तळाशी थोडा गाळ दिसला तर तो निरुपद्रवी असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ॲपल सायडर व्हिनेगरऐवजी बाल्सॅमिक चालेल का?*
चवीसाठी चालेल. पण दोन्ही सारखे नाहीत. ॲपल सायडर व्हिनेगरमध्ये साखर अगदी कमी असते.

*बाल्सॅमिकमध्ये अँटिऑक्सिडंट असतात ना?*
हो, द्राक्षांमुळे असतात. पण चमचाभर बाल्सॅमिकने हृदयविकार टळतो किंवा कोलेस्टेरॉल उतरते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. तेवढ्यासाठी महाग बाटली घेऊ नका. द्राक्षे, डाळिंब, आवळा, पालेभाज्या त्याहून स्वस्त आणि भरपूर मिळतात.

*वजन कमी होईल का?*
बाल्सॅमिकने आपोआप होणार नाही. मेयोनीज किंवा चीजच्या सॉसऐवजी ते वापरले, तर त्या जेवणातील उष्मांक नक्की घटतील.

*नाही घेतले तर काही बिघडते का?*
मुळीच नाही. लिंबू, कोकम, ताक आणि गोव्यातील माडाच्या सुरेचे व्हिनेगर यांनीही आंबटपणा मिळतो आणि मीठ कमी करता येते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

व्हिनेगर घेतल्यावर छातीत वारंवार जळजळ, गिळताना दुखणे, काळी शौच, धाप लागणे किंवा अंगावर गांधी उठणे असे काही झाले, तर ते बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला खूप त्रास होत असेल, तर थेट रुग्णालयात जा. मधुमेहींना रोज व्हिनेगर घ्यायचे असेल, तर पुढच्या तपासणीला बाटली सोबत आणा किंवा मागच्या लेबलचा फोटो दाखवा. तुमच्यासाठी ते कितपत योग्य आहे, हे त्या आकड्यांवरून लगेच सांगता येते.